पत्रक छापण्यापासून पत्र येण्यापर्यंत

लाखो लोक पाहत असलेली दूरचित्रवाणी मालिका एके दिवशी बंद होणार असल्याचे कळते. पाहणारे हळहळतात, आपसात चर्चा करतात आणि गप्प बसतात. क्वचित मात्र चार चाहते एकत्र येतात, कागदाचे काही गठ्ठे छापतात, ते टपालाने आणि हातोहाती वाटतात, आणि वाहिनीला निर्णय फिरवावा लागतो. लाखोंच्या पाहण्याने जे झाले नाही ते काही हजार कागदांनी कसे झाले, हे कोडे आहे. त्याचे उत्तर कागदावरच्या मजकुरात थोडेच सापडते. कागद कोणाकडे गेला आणि त्याने पुढे काय केले, यात ते जास्त सापडते. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी १९६७-६८च्या हिवाळ्यात झालेली मोहीम हे याचे सर्वांत नीट नोंदले गेलेले उदाहरण आहे.

पाहणाऱ्याची मोजणी कुठे होते?

जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. मालिका चालू ठेवायची की नाही हे ठरवताना वाहिनी नील्सन कंपनीचे आकडे पाही. त्या काळी देशभरातून निवडलेल्या सुमारे १२०० घरांतील संचांना या कंपनीने यंत्रे जोडली होती. कोणता कार्यक्रम किती वेळ लागला हे ती यंत्रे नोंदवत आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जाई. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते, कारण नमुना नीट निवडला तर थोड्या घरांवरूनही बराच अचूक अंदाज येतो. पण ज्याच्या घरी यंत्र नव्हते त्या प्रेक्षकाने मालिका पाहिली काय आणि न पाहिली काय, आकड्यात फरक पडत नसे. त्याच्या आवडीची नोंद करणारी खिडकीच नव्हती.

पत्र ही ती खिडकी ठरली. कार्यालयात आलेले पत्र कोणालातरी फोडावे लागते, वाचावे लागते, त्याची मोजणी होते आणि पुष्कळदा उत्तरही द्यावे लागते. त्यासाठी माणसे आणि वेळ लागतो. शिवाय संच किती वेळ चालू होता एवढेच यंत्राला कळते, तर लिहिणारा शिक्षक आहे की डॉक्टर, आणि मालिका त्याला का हवी आहे, हे पत्रातून कळते. जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला ही माहिती मोलाची असते. म्हणून चाहत्यांच्या पत्रकाचे काम मालिकेची तारीफ करणे हे नव्हते. आधीच पाहणाऱ्या, पण हात बांधून बसलेल्या माणसाला टेबलाशी बसवून पत्र लिहायला लावणे, एवढेच त्याचे काम होते.

आधी यादी, मग छपाई

१९६७च्या अखेरीस बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन हे दोघे चित्रीकरण पाहायला गेले असताना मालिका दुसऱ्या वर्षानंतर बंद होण्याची चिन्हे आहेत, असे त्यांच्या कानावर आले. दोघेही विज्ञानकथांच्या चाहतावर्तुळात मुरलेले होते. हे वर्तुळ तेव्हा दोन गोष्टींवर चालत असे: दरवर्षीची संमेलने आणि घरगुती छपाईची नियतकालिके. त्यामुळे नावे, पत्ते आणि छपाईची सवय हे सारे त्यात आधीपासून होते.

ट्रिंबल दांपत्याने विज्ञानकथा संमेलनाची सुमारे ४००० नावांची टपालयादी मिळवली आणि तिथून सुरुवात केली. हौशी मोहिमांत नेमके उलटे घडते. आधी दहा हजार पत्रके छापून होतात आणि मग ती कोणाला द्यायची याचा शोध सुरू होतो. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांना पत्रके दिली तर त्यांतली बहुतेक पुढच्या वळणावर पायाखाली येतात, कारण त्यांना त्या विषयाची ओढच नसते. यादीतल्या माणसाला मात्र विषय माहीत असतो आणि कागद कशाबद्दल आहे हे समजावण्यात अर्धे पान खर्ची पडत नाही.

असा प्रयोग एकदा आधीही झाला होता. १ डिसेंबर १९६६ रोजी, म्हणजे पहिल्याच वर्षात, लेखक हार्लन एलिसन यांनी ‘द कमिटी’ या नावाने चाहत्यांना एक आवाहनपत्र पाठवले होते. त्यावर फ्रँक हर्बर्ट, रॉबर्ट ब्लॉक, थिओडोर स्टर्जन, पॉल अँडरसन अशा नामवंत लेखकांची नावे होती. ओळखीच्या नावांमुळे कागद वाचला जाण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे गणित होते आणि ते बरोबर होते.

मेणाचा कागद, शाईचा ढोल

त्या काळी चाहतामंडळांच्या आवाक्यातले छपाईचे यंत्र म्हणजे मिमिओग्राफ. महाराष्ट्रातील शाळा, कचेऱ्या आणि कामगार संघटना ज्याला सायक्लोस्टाईल म्हणत, तेच हे. थॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये या पद्धतीच्या छपाईचे एक पेटंट घेतले आणि पुढे शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीने यंत्रे बाजारात आणली. लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांनी स्वतंत्रपणे तशीच यंत्रे विकसित केली. भारतात बहुतेकांनी पाहिलेली यंत्रे याच नावाची होती.

यंत्राचे तत्त्व रांगोळीच्या छाप्याचे आहे. पत्र्याला भोके असतात तिथूनच रांगोळी खाली उतरते, बाकीची वरच राहते. इथे पत्र्याच्या जागी पातळ, चिवट कागदावर मेणाचा थर दिलेला असतो. त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून स्टेन्सिलवर टंकलेखन केले की खिळ्याच्या प्रहाराने तेवढ्याच जागेचे मेण सरकते आणि कागदाचे तंतू उघडे पडतात. मग स्टेन्सिल शाईने भरलेल्या सच्छिद्र ढोलावर ताणून बसवायची आणि हँडल फिरवायचे. प्रत्येक फेऱ्याला एक कोरा कागद ढोलाखालून जातो आणि अक्षरांच्या जागांतून शाई त्यावर उतरते.

यात कसब होते. प्रहार जोरात बसला तर रोमन ‘ओ’ अक्षराचा मधला गोल तुटून पडे आणि छपाईत तिथे काळा ठिपका येई. हलका बसला तर अक्षर अर्धवट उमटे. चूक झाली तर त्या जागी बाटलीतला दुरुस्तीचा द्राव ब्रशने लावायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे आणि वरून पुन्हा टंकायचे. शाई तेलकट असल्याने ती वाळण्यापेक्षा कागदात मुरत असे, म्हणून गुळगुळीत कागद इथे निरुपयोगी, खरखरीत आणि शोषून घेणाराच हवा. घाई केली तर खालच्या प्रतीची ओली शाई वरच्या प्रतीच्या पाठीवर लागे. एका स्टेन्सिलमधून शेकड्यांनी प्रती निघत, जपून वापरली तर हजाराच्या वरही. नंतर कागद ताणला जाऊन ओळी वाकड्या होत.

या यंत्राने छापखान्याच्या मालकाची परवानगी, त्याची किमान प्रतींची अट आणि त्याची उधारी या तिन्हींतून सुटका केली. मुंबईत १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले ‘शब्द’ हे अनियतकालिकही सायक्लोस्टाईलवरच निघाले, त्याचेही कारण हेच. ‘स्टार ट्रेक’चे पहिले चाहता-नियतकालिक ‘स्पॉकॅनेलिया’ सप्टेंबर १९६७ मध्ये निघाले होते. मोहीम सुरू झाली तेव्हा यंत्र चालवणारे हात तयार होते ते असे.

पाच सेंटांचा हिशेब

पत्रक छापायला लागतो त्याहून जास्त पैसा बहुधा ते पोचवायला लागतो. अमेरिकेत तेव्हा साध्या पत्राला एका औंसापर्यंत, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपर्यंत, पाच सेंट टपालखर्च होता. ४००० पत्रांचे झाले २०० डॉलर. ७ जानेवारी १९६८ पासून दर सहा सेंट झाला, म्हणजे मोहीम ऐन भरात असताना तेवढ्याच पत्रांना २४० डॉलर लागू लागले. तिथल्या नेहमीच्या पत्राच्या आकाराच्या, साध्या जाडीच्या ५०० कागदांच्या रिमचे वजन पाच पौंड, म्हणून एक कागद साडेचार ग्रॅमच्या आसपास. पाकिटासह दोन-तीन कागद सहज एका औंसात बसत. पाठपोट छापले तर कागद निम्मे लागत. तीन घड्या घालून, स्टेपल मारून, पाठीवरच पत्ता लिहिला तर पाकीटही वाचे. हौशी नियतकालिकांत ही युक्ती सर्रास चाले.

रॉडनबेरी वरकरणी मोहिमेपासून अलिप्त होते. त्यांनी आतून तिला उत्तेजन दिले आणि पैशाचीही मदत केली, हे नंतर उघड झाले. चाहत्यांची मोहीम म्हणजे निव्वळ उत्स्फूर्त उमाळा, ही समजूत त्यामुळे थोडी बाजूला ठेवावी लागते. छपाई आणि टपाल यांना रोख पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावाच लागतो.

एका कागदावर काय मावते

पत्रकाच्या मजकुरात सर्वांत जास्त जागा स्तुतीला जाते आणि सर्वांत कमी उपयोग तिचाच होतो. वाचणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: काय बिघडले आहे, कोणी काय करायचे, कुठे पाठवायचे आणि केव्हापर्यंत. पत्ता नसलेले कळकळीचे आवाहन वाचून माणूस उठतो, पण जायचे कुठे हे न कळल्याने पुन्हा बसतो.

ट्रिंबल यांच्या आवाहनातील महत्त्वाची सूचना पत्र कसे लिहावे याविषयी होती. छापील मसुद्यावर नुसती सही नको, स्वतःच्या शब्दांत, वाचता येईल असे आणि सभ्य भाषेत लिहा, असे त्यात सांगितले होते. हजार सह्यांचे निवेदन टपालाच्या मोजणीत एकच नग ठरते. एकाच साच्याची हजार पत्रे आली तर पहिली दोन वाचल्यावर उरलेली नुसती मोजली जातात. वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली वेगवेगळी हजार पत्रे मात्र हजार माणसांची पत्रे वाटतात. एनबीसीकडे आलेल्या टपालाची तारीफ झाली ती याच कारणाने. डॉक्टर, शास्त्रज्ञ, शिक्षक अशा लोकांची, नीटनेटक्या भाषेतली आणि चांगल्या कागदावरची पत्रे त्यात होती. वाहिनीवर छाप पडली ती संख्येइतकीच या दर्जाची.

> चौकट : पत्रकाचा मजकूर तपासताना
> मथळा हाताएवढ्या अंतरावरून वाचता यावा. करायची कृती एकच असावी. दोन दिल्या की पुष्कळ जण दोन्ही टाळतात. पत्ता पूर्ण असावा आणि तो घडीवर येऊ नये, कारण घडीवरची शाई आधी झिजते. मुदतीची तारीख वर्षासह लिहावी. पत्रक काढणाऱ्याचे नाव व संपर्क तळाशी असावा. निनावी कागदावर विश्वास बसत नाही. मागची बाजू कोरी सोडायची असेल तर ती पत्र लिहिण्यासाठी आहे, असे सांगावे.

एकाचे दहा

४००० नावांपासून लाखाच्या घरात पोचायचे तर एवढ्या प्रती छापणे परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येकाने स्वतः लिहावे आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगावे, अशी योजना होती. कागदावर हिशेब छान दिसतो: ४०००चे ४०,०००, त्यांचे ४ लाख. प्रत्यक्षात साखळी प्रत्येक कडीला गळते. आपले पत्र लिहिणारे बरेच असतात, दहा जणांच्या मागे लागणारे थोडे.

गळतीचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. पहिल्या ४००० जणांनी प्रत्येकी दहांना सांगितले असे धरू. त्या ४०,०००पैकी दर दहांतील एकाने निरोप पुढे नेला तर पुन्हा ४००० सांगणारे तयार होतात आणि पुढच्या फेरीतही ४०,००० नव्या लोकांना कळते. साखळी वाढत नाही, पण थांबतही नाही. दर विसांतील एकानेच पुढे नेला तर फेऱ्या ४०,०००, २०,०००, १०,००० अशा निम्म्या होत जातात आणि सगळ्या मिळून ८०,०००च्या पुढे जात नाहीत. मोहिमेचा जीव म्हणून या एका गुणोत्तरात असतो. पुढे नेणे जितके सोपे करावे तितके ते वाढते. १९६८ मध्ये घराघरांत प्रत काढण्याचे यंत्र नव्हते. टाइपरायटरवर कार्बन घालून चार-पाच वाचनीय प्रती निघत आणि दहा करायच्या तर दोनदा टंकावे लागे. अशा वेळी एका माणसाला एकाऐवजी पाच छापील पत्रके पाठवली तर त्याचा एक तास वाचतो, आणि पाठवणाऱ्याचे टपाल फारसे वाढत नाही.

रस्त्यावर आणि दारात

टपालाच्या जोडीला माणसेही उतरली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दोनशेहून अधिक विद्यार्थी फलक घेऊन एनबीसीच्या बरबँक येथील कार्यालयावर गेले. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यू यॉर्कमध्येही विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. न्यू यॉर्कमध्ये वाहिनीच्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांच्या बंपरांवर मोहिमेचे स्टिकर चिकटवल्याचा किस्सा चाहते अजून सांगतात. मोर्च्याची बातमी होते आणि बातमी वाचून न पोचलेल्यांनाही कळते, एवढा त्याचा उपयोग. पत्रे मात्र मोर्च्याने येत नाहीत, ती पत्त्यानेच येतात.

हातोहाती वाटपात जागेची निवड निम्मे काम करते. विज्ञानकथांचे पुस्तकदुकान, महाविद्यालयाचे वसतिगृह, संमेलनाचे प्रवेशद्वार इथे आवड असलेली माणसे आपोआप गोळा झालेली असतात. तिथेही वेळ पाहावी लागते. आत जाणारा घाईत असतो आणि त्याचे हात कशात तरी गुंतलेले असतात, बाहेर पडणारा रेंगाळतो. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेला गठ्ठा दोन दिवसांत दुसऱ्या कागदांखाली जातो, म्हणून कोणीतरी फेरी मारून तो वर काढावा लागतो. कंटाळवाणे काम हेच, आणि बहुतेक मोहिमा इथेच ढेपाळतात.

एनबीसीच्या मोजणीनुसार डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात जवळपास १ लाख १६ हजार पत्रे आली, त्यांतली ५२ हजारांहून अधिक एकट्या फेब्रुवारीत. १ मार्च १९६८ रोजी भाग संपताना मालिका पुढे चालू राहील असे वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले. त्यानंतर आभाराच्या पत्रांचा पाऊस पडला, तो वेगळाच. तिसऱ्या वर्षी मात्र मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घरी नसण्याची वेळ मिळाली, खर्चाला कात्री लागली आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा नवा भाग दाखवला गेला. मोहीम तरी वाया गेली असे म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षामुळे भागांची संख्या ७९ झाली, स्थानिक केंद्रांना ते रोज दाखवण्याजोगे पुरेसे भाग मिळाले आणि ‘स्टार ट्रेक’ खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाली ती या पुनःप्रक्षेपणांतून. १९७६ मध्ये पहिल्या अमेरिकी अंतराळ शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

आजचा छापखाना

आज हेच पत्रक ऑफसेटवर किंवा डिजिटल यंत्रावर निघते. ऑफसेटमध्ये मजकुराची अॅल्युमिनियमची प्लेट बनते. प्लेटवरची प्रतिमा आधी रबराच्या पट्ट्यावर आणि तिथून कागदावर उतरते. प्लेट बनवणे, यंत्र जुळवणे आणि जुळवताना वाया जाणारे कागद हा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि पाच हजारांनाही तेवढाच. म्हणून ५०० आणि १००० पत्रकांच्या बिलात फारसा फरक दिसत नाही. डिजिटलला प्लेट लागत नाही. शे-दोनशे प्रतींना ते स्वस्त, पण प्रती वाढल्या तरी दर प्रतीचा खर्च फारसा उतरत नाही.

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. ए-४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असल्याने ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा. त्यातून ए-६ आकाराची चार पत्रके निघतात, प्रत्येकी सव्वा ग्रॅम. हजार पत्रके एका पिशवीत मावतात. ७० जीएसएमवर पाठपोट छापले तर मागची अक्षरे पुढे डोकावतात. चकचकीत आर्ट पेपरवर फोटो खुलतो, पण त्यावर पेनाने लिहिता येत नाही, म्हणून पत्रकात भरायचा तक्ता असेल तर मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद बरा. लहान अक्षरे निव्वळ काळ्या शाईत ठेवावीत. ती चार रंगांच्या मिश्रणातून आणली आणि रंग केसभर सरकले तरी धूसर होतात. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कापण्याच्या रेषेबाहेर तीन मिलीमीटर वाढवून द्यावा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी कड राहते.

महाराष्ट्रात हँडबिल पेपरात टाकून वाटण्याची सोय आहे. पहाटे गठ्ठे सोडताना विक्रेते पुरवण्यांबरोबर ते आत सारतात आणि दर शेकड्यामागे पैसे घेतात. एका वस्तीतल्या दुकानाला हा मार्ग उत्तम. चाहत्यांच्या मोहिमेला तो महाग पडतो, कारण चाहते एका गल्लीत राहत नाहीत.

चित्र कोणाचे, भिंत कोणाची

मालिकेचे बोधचिन्ह आणि नटांची छायाचित्रे निर्मात्यांच्या मालकीची असतात. मोहीम त्यांच्या फायद्याची असली तरी ती वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. ‘सेरेनिटी’ (२००५) या चित्रपटाच्या चाहत्यांनी त्याचा प्रचार हौसेने केला. पुढच्या वर्षी चाहत्यांच्या घरगुती वस्तूविक्रीवर कायदेशीर पत्र आले, तेव्हा त्यांनी प्रचारात घातलेल्या सुमारे २८ हजार तासांचे प्रतीकात्मक बिलच तयार केले. बिल अर्थातच कोणी चुकते केले नाही. स्वतः काढलेले चित्र आणि साधी अक्षरे हा सुरक्षित मार्ग आहे, आणि सायक्लोस्टाईलच्या काळातल्या चाहत्यांना दुसरा उपलब्धही नव्हता.

पत्रक हातात देणे आणि भिंतीवर चिकटवणे यांत कायद्याने फरक आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे भिंत, खांब किंवा फाटकावर चिकटवण्याआधी परवानगी लागते. आणि छापायला देण्याआधी पत्ता, तारीख आणि फोन क्रमांक मजकूर न लिहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, त्या क्रमांकावर फोनही लावून पाहावा. प्लेट बनल्यावर एक अंक सुधारायचा तरी नवी प्लेट लागते.